कोंबड्यांचं रक्त, दोन वेळा

8 जुलै 2024, सोमवार. रात्री साडेनऊला शेडमधले दिवे बंद करून मी पावसाच्या बाजूचा पडदा बांधत होते. दिवे गेले की आमच्या कोंबड्या दोन-चार मिनिटांत गप्प होतात. त्या रात्री झाल्या नाहीत. अंधारात कुठून तरी एक शिंक आली, मग दुसरी, आणि त्याखाली घशात कफ अडकल्यासारखी बारीक खर्रखर्र. बाहेर पाऊस कोसळत होता, तरी ती ऐकू येत होती. मी तशीच अंधारात उभी राहिले.

आमचं गाव गुहागर तालुक्यात आहे. 24 फेब्रुवारीला आम्ही 16 आठवड्यांच्या 400 तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या, तपकिरी अंडी देणाऱ्या. भाताच्या तुसावर, मोकळ्या शेडमध्ये. जुलैपर्यंत 392 राहिल्या होत्या आणि रोज 340 च्या आसपास अंडी मिळत होती. आषाढ चालू होता. श्रावण लागेपर्यंत अंड्यांना मागणी असते, त्यामुळे हे चार आठवडे आमच्यासाठी महत्त्वाचे.

9 तारखेला 338 अंडी. 10 ला 309. 11 ला 276. आकड्यापेक्षा मला अंड्यांकडे बघून भीती वाटली. तपकिरी रंग उडालेला, दुधात चहाचे दोन थेंब टाकावेत तसा. काहींवर सुरकुत्या, काहींचं कवच बोटाने दाबलं तर आत जाणारं. एक फोडून ताटलीत घेतलं तर पांढरा बलक पाण्यासारखा पसरला.

पहिला विचार बर्ड फ्लूचा आला. 2006 साली नवापूरला काय झालं ते कोंबड्या पाळणारा कोणीच विसरलेला नाही, आणि जानेवारी 2021 मध्ये तर आमच्या खाडीपलीकडे दापोलीतल्या मेलेल्या पक्ष्यांचे नमुने पॉझिटिव्ह आले होते. मी 9 तारखेलाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. इथे एक आवर्जून सांगते: घाबरून फोन लांबवू नका. आपल्या शेडवर गाडी आली की गाव बघतं, ही भीती मलाही होती. पण त्याच फोनमुळे पुढचं सगळं वेळेत झालं.

डॉक्टर मॅडम 11 ला दुपारी आल्या. दारात पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बूट बुडवून आत गेल्या आणि आधी पाच मिनिटं नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. मग मरतूक विचारली. तोवर एकच पक्षी मेला होता. त्यांनी अंडी हातात घेतली, दोन पक्ष्यांचे घसे बघितले, विष्ठा बघितली. म्हणाल्या, "ताई, बर्ड फ्लू असता तर आज आपण मेलेले पक्षी मोजत असतो. तरी स्वॅब घेते, ते सरकारी मार्गानेच जातील. पण मला हे आयबी वाटतंय."

आयबी म्हणजे संसर्गजन्य ब्राँकायटिस. कोंबड्यांचा श्वसनाचा रोग, आणि तो करणारा विषाणू कोरोना कुळातला. तो शब्द ऐकल्यावर माझे हात गार पडले, हे लपवत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातून एक माणूस गेलं आहे. मॅडमनी माझा चेहरा बघितला असावा, कारण त्या खाली पायरीवर बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. हा रोग अमेरिकेत 1931 साली नोंदवला गेला, माणसातल्या कोरोनाच्या किती तरी आधी. 'कोरोनाव्हायरस' हे कुळाचं नावसुद्धा 1968 चं. कोंबडीचा हा विषाणू माणसाला होत नाही. कोंबड्यांमध्ये मात्र वाऱ्यासारखा पसरतो, एक-दोन दिवसांत सगळी शेड शिंकते. यावर औषध नाही. ऊब द्यायची, हवा खेळती ठेवायची, पाण्यातून इलेक्ट्रोलाइट द्यायचं आणि वाट बघायची.

"पण शिंका आणि अंडी कमी हे मानमोडीतही (राणीखेत) होतं, सीआरडीतही (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) होतं," त्या म्हणाल्या. "नक्की करायचं तर रक्त काढायला हवं. आणि ते दोनदा. आत्ता एकदा, तीन आठवड्यांनी पुन्हा."

दोनदा का, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. खर्च वाढवायला सांगताहेत असंही क्षणभर वाटून गेलं. म्हणून हा भाग सविस्तर लिहिते आहे.

रक्ताच्या चाचणीत, म्हणजे एलायझात, विषाणू सापडत नाही. सापडतात त्या त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. त्या रोगाने बनतात तशा लसीनेही बनतात, आणि कोणत्या कशाच्या हे चाचणी सांगत नाही. त्यामुळे एकदाच रक्त काढून 'पॉझिटिव्ह' आलं, तर त्यातून एवढंच कळतं की कधीतरी या पक्ष्याची विषाणूशी किंवा लसीशी गाठ पडली होती. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना पुळणीवरच्या रेघेचं उदाहरण दिलं. समुद्र मागे गेल्यावर वाळूवर शिंपल्यांची आणि काटक्यांची रेघ राहते. पाणी कुठवर आलं होतं ते रेघ सांगते. पाणी आत्ता चढतंय की उतरतंय ते सांगत नाही. त्यासाठी थोड्या वेळाने पुन्हा जाऊन बघावं लागतं. त्यांनी मान हलवली. आयुष्यभर त्या कालवं काढायला ओहोटी बघून गेल्या आहेत, मला जास्त सांगावं लागलं नाही.

आणि पहिलं रक्त लक्षणं दिसल्याच्या पहिल्या दिवसांतच काढावं लागतं, अँटिबॉडी चढायच्या आधी. ते हुकलं तर नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही.

12 जुलैला, शुक्रवारी सकाळी सातला रक्त काढलं. 15 पक्षी. एवढे पुरतात का, असं मी विचारलं. पाचात एक पक्षी बाधित असेल तरी 14 नमुन्यांत तो सापडण्याची शक्यता शंभरात 95 असते, आणि हा रोग तर जवळजवळ सगळ्यांना होतो, असं मॅडमनी सांगितलं. पक्षी शेडच्या चारही कोपऱ्यांतून धरले, नाहीतर हाताला लागतात त्या फक्त मलूल कोंबड्या. प्रत्येकीच्या पायात लाल प्लास्टिकची रिंग घातली, म्हणजे पुढच्या वेळी त्याच सापडतील.

मी पक्षी आडवा धरायचा, पंख उघडायचा, आतल्या बाजूची चार पिसं उपटायची, की कातडीखाली निळी शीर दिसते. मॅडम बारीक सुईने हळूहळू दीड-दोन मिली रक्त ओढायच्या, सुई काढून सिरिंज नळीच्या कडेला लावून सोडायच्या. सुईतून जोरात सोडलं तर रक्तपेशी फुटतात. मग मी त्या जागेवर कापूस दाबून धरायचा, नाहीतर पंखाखाली रक्त साकळतं. नळ्या साध्या, लाल टोपीच्या. गुठळी होऊ न देणारं औषध असलेल्या नळ्या इथे चालत नाहीत, कारण गुठळी तर व्हायलाच हवी असते.

चूक माझ्याकडून झाली ती इथेच. नवऱ्याने वेलदूरच्या बंदरावरून मासळीचा थर्माकोलचा खोका धुऊन, बर्फ भरून आणला होता. नमुने खराब होऊ नयेत म्हणून पहिल्या चार नळ्या मी तशाच बर्फात खोचल्या. मॅडम सातव्या पक्ष्यावर असताना त्यांचं लक्ष गेलं. ताजं रक्त लगेच बर्फात ठेवलं तर पेशी फुटतात आणि वर येणारं पाणी लाल होतं, मग ते चाचणीला चालत नाही. उरलेल्या 11 नळ्या आम्ही तिरप्या करून ओटीवर सावलीत ठेवल्या. चार तासांनी गुठळी खाली बसली आणि वर गवती चहासारखं पिवळसर पाणी सुटलं. तेच सीरम. ते दुसऱ्या स्वच्छ नळीत काढून घेतलं, मग ते बर्फात. माझ्या चार नळ्यांमध्ये मात्र जांभळाच्या सरबतासारखा रंग उतरला होता. त्या फुकट गेल्या. पुन्हा चार पक्षी धरायला सूर्य डोक्यावर आला होता आणि कोंबड्या आधीच दमल्या होत्या, म्हणून 11 वरच थांबलो.

त्यानंतर कागद. नमुन्यांसोबत दवाखान्याचं पत्र लागतं, त्यावर जावक क्रमांक लागतो, आणि तो शुक्रवारी कार्यालय बंद व्हायच्या आत मिळाला नाही तर शनिवार-रविवार गेले. मी साडेचारला पोचले. फॉर्मवर रकाने होते: पक्ष्यांची जात, वय, एकूण संख्या, मरतूक, लक्षणं कधी सुरू झाली, रोजचं उत्पादन, आणि लसीकरणाचा तपशील. शेवटच्या रकान्यापाशी मी अडले. तलंगा देणाऱ्याने एक चिठ्ठी दिली होती, तिच्यावर लासोटा, गंबोरो, देवी, आयबी असं लिहिलेलं, पण तारीख एकाही लसीपुढे नाही. तिथूनच फोन केला. "सगळं केलंय, काळजी करू नका," असं उत्तर आलं. रकान्यात 'तारीख उपलब्ध नाही' लिहिलं आणि पत्र घेतलं.

आयबीचं एलायझा करणारी खासगी प्रयोगशाळा पुण्यात. कुरिअरवाल्याने रक्त म्हटल्यावर हात वर केले. दोन रात्री सीरम आमच्या फ्रिजमध्ये, तीन पिशव्यांत बांधून, वेगळ्या डब्यात. आषाढी तोंडावर आलेली, घरात देवाचं सगळं त्याच फ्रिजमध्ये. सासूबाईंना ते फार जड गेलं, पण त्या बोलल्या नाहीत. रविवारी रात्री नवरा चिपळूणहून एसटीने निघाला, कुंभार्ली घाटातून. खोका मांडीवर धरून बसला. सोमवारी 15 तारखेला सकाळी नमुने जमा झाले. नमुन्यामागे 120 रुपये. बुधवारी आषाढी एकादशीची सुट्टी, म्हणून निकाल पुढच्या सोमवारी.

तो आठवडा कठीण गेला. 16 जुलैला 204 अंडी, सगळ्यात कमी. पाच पक्षी गेले. तुसाचा अमोनिया डोळ्यांना लागत होता, म्हणून ओलं तूस रोज काढून कोरडं टाकलं, आणि पाऊस नसेल त्या बाजूचे पडदे दिवसा वर केले. थंडी लागेल म्हणून शेड घट्ट बंद करण्याची चूक आपण पावसाळ्यात हमखास करतो. आमच्या शेडमध्येही ती होत होती. मॅडमनी अँटिबायोटिक दिलं नाही. विषाणूवर ते चालत नाही, आणि नाकातोंडातून घट्ट पू येणं वगैरे दुसऱ्या जंतूंची लक्षणं दिसली तरच देऊ, असं म्हणाल्या. ती दिसली नाहीत. 19 तारखेला बर्ड फ्लूसाठी गेलेले स्वॅब निगेटिव्ह आल्याचा त्यांचा फोन आला. तो घेऊन मी गोठ्यामागे जाऊन रडले.

22 जुलैला पहिला अहवाल. 11 पैकी 11 पॉझिटिव्ह. त्या किटमध्ये 396 च्या वर टायटर, म्हणजे अँटिबॉडी किती आहेत ते सांगणारा आकडा, असेल तर पॉझिटिव्ह धरतात. आमची सरासरी 2,180 होती.

अहवाल मोबाइलवर आला होता. घरातल्या कोणीतरी तो कोणाला तरी पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत गावात शब्द फिरला: कोंबड्या कोरोना पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी शृंगारतळीच्या दुकानदाराने अंड्यांचे चार ट्रे परत पाठवले. शेजारच्या घरातली मुलं अंगणात खेळायला येत, ती यायची थांबली. मला कोणावर राग नाही. तो शब्द ऐकून माझेही हात गार पडले होते, मग त्यांना काय म्हणू?

त्याच रात्री मस्कतहून दिराचा निरोप आला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की ओमानच्या उंटांच्या रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या आणि तो रोग माणसांना होतो. "वहिनी, जपून," असं त्याने लिहिलं होतं. मी ते मॅडमना विचारलं. त्यांनी ते उडवून लावलं नाही. ते खरं आहे, म्हणाल्या. मर्स नावाचा श्वसनाचा रोग 2012 मध्ये सौदी अरेबियात सापडला, तोही कोरोनाच. 2013 मध्ये संशोधकांनी ओमानमधल्या 50 उंटांचं रक्त तपासलं आणि पन्नासच्या पन्नास उंटांत अँटिबॉडी निघाल्या. म्हणजे उंटांमध्ये तो विषाणू आधीच पसरलेला होता, आणि उंटाकडून तो माणसात येतो. "पण कुळ एक म्हणून सगळे सारखे नसतात. उंटाचा तो वेगळा, माणसाचा वेगळा, कोंबडीचा हा वेगळा. हा 1931 पासून माहीत आहे, जगभर कोट्यवधी कोंबड्यांना होतो, आणि त्या हाताळणारी माणसं आजारी पडत नाहीत." त्यांनी हेच दवाखान्याच्या कागदावर चार ओळींत लिहून, सही-शिक्का करून दिलं. 25 तारखेला त्याच्या प्रती घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले, दुकानात गेले, शेजारी गेले. दुकानदाराने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "सोमवारपासून दोन ट्रे पाठवा, बघू." शेजारच्या आजींनी विचारलं, "अगो, पण मुलांना काय होणार नाय ना?" मी कागद वाचून दाखवला. मुलं दुसऱ्या दिवशी आली.

तुमच्या हातात असा अहवाल आला तर पहिली विनंती: डॉक्टरांशी बोलण्याआधी तो कोणालाही पुढे पाठवू नका. 'पॉझिटिव्ह' या एका शब्दात काय सापडलं आणि कशाविरुद्ध, हे दोन्ही हरवतं.

कारण त्या 2,180 चा अर्थ तेव्हा आम्हालाही लागत नव्हता. लसीच्या तारखा नसल्यामुळे तो आकडा जुन्या लसीचा की नव्या रोगाचा हे सांगता येईना. तलंगा देणाऱ्याला मी आणखी तीन फोन केले. शेवटी 29 जुलैला त्याने त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आयबीची जिवंत लस पहिल्या दिवशी आणि दहाव्या आठवड्यात. अंड्यावर येण्याआधी द्यायची मृत लस, म्हणजे मारलेल्या विषाणूची, दिलेलीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, मग 2,180 हे लसीचं शिल्लक राहिलेलं असण्यासारखं आहे. आता दुसरं रक्त काय म्हणतं ते बघू.

2 ऑगस्टला, बरोबर 21 दिवसांनी, दुसरं रक्त. लाल रिंगवाल्या 15 पैकी एक मेली होती, तिच्या जागी दुसरी घेतली. या वेळी एकही नळी आधी बर्फात गेली नाही. खोका बदलला, बर्फाऐवजी जेलची पाकिटं घेतली (चार पाकिटं आणि खोका मिळून 220 रुपये), आणि मधे वर्तमानपत्राची घडी, म्हणजे नळ्या गोठणार नाहीत. फ्रिजचा प्रश्नही सुटला: मॅडमनी सीरम दवाखान्याच्या लसींच्या फ्रिजपलीकडे वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवून घेतलं. हे पहिल्याच वेळी विचारलं असतं तर सासूबाईंचे दोन दिवस तसे गेले नसते.

रविवारी 4 तारखेला रात्री मीच निघाले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते कारण होतंच, पण मला ती चाचणी डोळ्यांनी बघायची होती. शेडवरचे कपडे-चपला घरीच ठेवून, अंघोळ करून निघाले. प्रयोगशाळेतल्या मुलीने काचेबाहेरून दाखवलं. 96 छोट्या खळग्यांची प्लेट. खळग्यांच्या तळाला विषाणूचे अंश चिकटवलेले असतात. त्यात सीरम टाकलं की अँटिबॉडी त्या अंशांना धरून बसतात. मग धुतात, दुसरं द्रव्य टाकतात, आणि जिथे अँटिबॉडी जास्त तिथे रंग गडद. यंत्र तो रंग मोजतं आणि त्यावरून टायटर निघतं. मी तिला विचारलं, आमच्या कोंबड्यांना कुठल्या प्रकारचा आयबी झाला ते यातून कळेल का? नाही, म्हणाली. त्यासाठी पहिल्या आठवड्यात श्वासनलिकेचा स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूच शोधणारी चाचणी, करावं लागतं. मॅडमनी ते 11 जुलैला सुचवलं होतं. उपचार बदलणार नाहीत म्हटल्यावर आम्ही पैसे वाचवले. आता वाटतं, करायला हवं होतं, कारण पुढच्या लॉटला कुठली लस द्यायची हे त्यावरून ठरवणं सोपं गेलं असतं.

9 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, अहवाल आला. 15 पैकी 15 पॉझिटिव्ह, सरासरी 8,940. चौपटीहून जास्त. मधल्या काळात लस दिली नव्हती. त्याच सीरमवर मानमोडीची चाचणीही केली होती (नमुन्यामागे 60 रुपये), त्यात दोन्ही वेळचे आकडे जवळपास तेच. म्हणजे चढलं ते आयबीचंच.

निदान हातात आलं तोवर शिंका कधीच थांबल्या होत्या. मग एवढं केलं कशाला, असं नवऱ्याने विचारलं. रागाने नाही, दमून. सगळा हिशेब त्याच्यासमोर वहीत होता. नळ्या, खोका, तिकिटं, बिलं सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत झालं. कमी मिळालेल्या अंड्यांचं नुकसान मात्र 22,000 च्या पुढे गेलं. 31 ऑगस्टला अंडी 302 वर आली आणि तिथेच थांबली. रंग बऱ्याच अंड्यांना परत आला, सगळ्यांना नाही. पिल्लू असताना हा रोग झाला असता तर अंडनलिका कायमची खराब होऊन काही कोंबड्यांनी कधीच अंडं दिलं नसतं, त्या मानाने आम्ही वाचलो.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला ऑक्टोबरमध्ये दिलं. नव्या लॉटच्या 300 तलंगा घ्यायच्या होत्या. जुन्या शेडपासून लांब, दिराच्या वाडीत. विकणाऱ्याकडे मी तीन गोष्टी मागितल्या: प्रत्येक लसीची तारीख, लसीच्या बाटलीवरचा बॅच नंबर, आणि 16 व्या आठवड्यात आयबीची मृत लस दिल्याचा कागद. दोन जणांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने दिलं. तलंगा आल्यावर चार आठवडे जाऊ दिले आणि मॅडमना बोलावून 12 पक्ष्यांचं रक्त काढलं, पक्षी धडधाकट असतानाच. त्यांच्या पायात निळ्या रिंगा आहेत. त्या सीरमचा अहवाल शेडच्या दारामागे प्लास्टिकच्या पाकिटात लावला आहे. उद्या रात्री कोणी शिंकलं, तर पहिला आकडा आमच्याकडे आधीच आहे.